नैरोबीची वायर आणि पिंपळगावचे मिस्त्री

‘नैरोबीच्या कार्यक्रमात आमच्या मिस्त्रींनी घाईघाईत चुकीची वायर लावली, त्यामुळे की-बोर्ड जळाला, आणि केवळ कलावंतांच्या प्रसंगावधानामुळे जालन्याची अब्रू राहिली.’ आमच्या जुन्या वाद्यवृंदाची स्मरणिका नुकतीच निघाली, तीत आमच्या निवेदकांनी हे वाक्य लिहिले आहे. निवेदक माझे पंधरा वर्षांचे सहकारी. त्यांचा आवाज आजही खणखणीत आहे. परंतु खणखणीत आवाजात सांगितलेली गोष्ट खरी असतेच असे नाही, हे मी त्यांच्या शेजारी बसूनच शिकलो. या वाक्यातून नैरोबी आणि जालना ही दोन गावांची नावे वगळली, तर खरे असे फारसे काही उरत नाही. मी त्या दिवशी तिथे होतो. तो की-बोर्ड मी वाजवीत होतो. मिस्त्री आता हयात नाहीत आणि त्यांच्या नावावर हा डाग छापील अक्षरांत बसला आहे. तो पुसल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

मिस्त्री कोणाच्याही घरात किंवा सभागृहात शिरले, की आधी भिंतीकडे पाहत. यजमान हात जोडून उभे असत, कोणी पाण्याचा तांब्या पुढे करी, आणि हे गृहस्थ गुडघ्यांवर हात टेकून विजेच्या बोर्डाच्या भोकांत डोकावत असत. घनसावंगीच्या एका लग्नघरात एका म्हातारीने त्यांना विचारले, “काय हरवलं का रं बाबा?” मिस्त्री शांतपणे म्हणाले, “न्हाई आत्या, वळख करून राह्यलो.” ही ओळख पटल्याशिवाय ते चहासुद्धा घेत नसत. त्यांचे म्हणणे असे, की माणूस पहिल्या भेटीत गोड बोलतो, भिंत मात्र जशी आहे तशी समोर उभी असते. म्हणून आधी तिला विचारावे.

ते मूळचे घनसावंगीजवळच्या कुंभार पिंपळगावचे. बाजारतळाच्या कडेला त्यांचे रेडिओ आणि कर्णे दुरुस्त करण्याचे छोटेसे दुकान होते. मी जालन्यात मस्तगडला संगीताचे वर्ग घेत असे. एक्क्याऐंशीच्या सुमारास आमचा वाद्यवृंद उभा राहिला, तेव्हा माइक आणि वायरी सांभाळायला कोणीतरी भरवशाचा माणूस हवा होता. मिस्त्री आले ते एक पत्र्याची पेटी घेऊन. तीत प्रत्येक वायर आठाच्या आकड्यासारखी गुंडाळून जुन्या लुगड्याच्या चिंधीने बांधलेली असे. हिरवी चिंधी की-बोर्डची, लाल माइकची, आणि जरीचा तुकडा आवाज घुमवणाऱ्या इको मशीनचा. ही व्यवस्था मोडण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. आमचा ढोलकीवाला रामा याने एकदा लाल चिंधीची वायर दोन खिळ्यांना बांधून तिच्यावर धोतर वाळत घातले. मिस्त्रींनी ते पाहिले, रागावले नाहीत. फक्त जवळ जाऊन आदबीने विचारले, “रामभाऊ, तुमच्या ढोलकीवर म्या कांदे चिरू का?” रामा त्यानंतर आयुष्यात कधी त्या पेटीजवळ गेला नाही.

त्यांचा आणि माझा एकच वाद होता, आणि तो दहा वर्षे चालला. तो येथे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. त्या काळी गोदाकाठच्या उसाच्या पट्ट्यात संध्याकाळी पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या, की वीज निम्म्यावर येई. दिवे लाल पडत, पंखे पेंगत, आणि माझा की-बोर्ड मुका होई. हा की-बोर्ड आमच्या आश्रयदात्या शेटजींनी सिंगापूरहून आणवून दिला होता. त्याच्यासोबत विटेएवढा एक अडॅप्टर होता आणि त्या अडॅप्टरच्या पोटाशी एक छोटी कळ होती: एकीकडे दोनशेवीस व्होल्ट, दुसरीकडे एकशेदहा. वीज निम्म्यावर आली, की ती कळ एकशेदहावर सरकवायची. वाद्य लगेच बोलू लागे. आमच्या भागातले सगळेच वादक हे करीत. मीही करीत असे, आणि मला ती मोठी हुशारी वाटे. मिस्त्रींना ती मुळीच खपत नसे. “मास्तर, उपाशी मानसाला दारू पाजल्यासारखं हाय हे,” ते म्हणत. “नाचंल घडीभर. पर लाईट एकदम सुधरली, तर त्याचं काळीज फुटंल.” मी म्हणत असे, “मिस्त्री, घनसावंगीची लाईट सुधारायला अजून दोन जन्म लागतील.” त्यावर ते हसत आणि मी वाजवीत असेपर्यंत त्या अडॅप्टरशेजारी पिनेवर हात ठेवून बसून राहत. वीज चढली, की त्यांचा हात माझ्या सुरापेक्षा लवकर हाले आणि पिन निघे. दहा वर्षांत एकदाही तो चुकला नाही. माझे वाद्य माझ्या हुशारीमुळे चालते असा माझा समज होता. प्रत्यक्षात ते त्या हातामुळे टिकले होते.

नव्वदीच्या आरंभी शेटजींनी आम्हाला नैरोबीला नेण्याचे ठरवले. शेटजींचे घराणे पिढ्यांपूर्वी राजस्थानातून जालन्यात आलेले. त्यांची मुलगी नैरोबीत दिली होती आणि तिच्या सासरी लग्न निघाले होते. आम्ही सारे पासपोर्ट, सूट आणि गाण्यांच्या याद्या यांत गुंतलो असताना मिस्त्रींनी शेटजींना एकच प्रश्न विचारला: “तिकडं भिंतीला भोकं कशी असत्यात?” शेटजी गोंधळले. “अरे भई, भोकं म्हणजे भोकं. लाईट तो लाईट है.” मिस्त्रींनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी ते शेटजींच्या मस्तगडच्या पेढीवर कोरा कागद घेऊन गेले आणि म्हणाले, “ताईसाब्नी हे पाठवा. कागद बोर्डावर ठिवायचा आन वरून पेन्सिल घासायची. भोकं आपोआप उमटत्यात.” पेढीवरची माणसे हसली. शेटजी हसले नाहीत. महिन्याभराने पाकीट आले. करड्या रेघांमधून तीन पांढरी चपटी भोके उमटली होती, वरचे उभे, खालची दोन आडवी. कागदाच्या कोपऱ्यात मुलीने लिहिले होते, ‘काकांना सांगा, घरातल्या सगळ्या बोर्डांवर घासून पाहिले, सगळे सारखेच आहेत.’ तो कागद मिस्त्रींनी पासपोर्टच्या आत ठेवला.

जालन्यात तसली पिन मिळणे शक्यच नव्हते. मुंबईला विमानाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघे एका दुकानात गेलो. दुकानदाराने ‘चालते, सगळ्या जगात चालते’ म्हणत एक जोडपिन पुढे टाकली. मिस्त्रींनी तो कागद काउंटरवर पसरला आणि पिन उमटलेल्या भोकांवर ठेवून पाहिली. वरची पिन गव्हाच्या दाण्याएवढी आखूड होती. दुकानदार म्हणाला, “एवढ्याने काय होतंय हो?” मीही म्हणालो, “जाऊ द्या मिस्त्री, विमान पकडायचे आहे.” त्यांनी पिन परत केली. “मास्तर, जाऊ द्या म्हनून गेलेली गोष्ट माघारी येत न्हाई. तिथल्या भिंतीची पिन तिथंच मिळंल.” ज्या माणसाने दाण्याएवढ्या फरकासाठी मुंबईचे दुकान नाकारले, त्याने घाईघाईत चुकीची वायर लावली, असे लिहिताना निवेदकांची लेखणी अडखळायला हवी होती. परंतु अडखळणे त्यांच्या व्यवसायात बसत नाही.

आम्ही रात्रीचे पोहोचलो. कार्यक्रम दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी होता. सकाळी सभागृहात शिरताच मिस्त्री सवयीप्रमाणे भिंतीपाशी वाकले, कागद लावून पाहिला आणि समाधानाने उभे राहिले. तेवढ्यात तिथल्या एका स्वयंपाक्याने आम्हाला एक युक्ती दाखवली. खालच्या दोन भोकांना आतून झाकणे असतात, ती वरच्या भोकात पिन गेल्यावरच उघडतात. तर वरच्या भोकात पेन खुपसायचे आणि खाली आपली गोल पिन दाबायची. बसते. मिस्त्रींनी तोंड वाकडे केले. “ते कुलूप हाय दादा. वरची पिन म्हंजी किल्ली. किल्ली असताना चोरावानी कामून घुसायचं?” मग आम्हा सर्वांकडे वळून ते म्हणाले, “म्या बाजारातून येईस्तोर की-बोर्डाला कुनी हात लावायचा न्हाई. इथली लाईट भरल्या अंगाची हाय. आपल्याकडची न्हाई.” आणि शेटजींच्या जावयांना घेऊन ते वायर शोधायला गेले.

निवेदकांनी अन्यत्र असेही सांगितले आहे, की मिस्त्री शहर पाहायला गेले म्हणून उशीर झाला. त्यांनी काय पाहिले, ते जावयांनी मला सांगितले आहे. त्यांनी सात दुकाने पाहिली. वायर पहिल्याच दुकानात मिळाली होती. परंतु तिथल्या पिनेच्या पोटात एक फ्यूज असतो, आणि त्या पिनेत होता तो तेरा अँपिअरचा. मिस्त्रींनी दुकानदाराला विचारले, “भाईसाब, इस पिन के पेट में इससे छोटा फ्यूज मिलेगा क्या? हमारा बाजा नाजूक है.” दुकानदार म्हणाला, की इतकी वर्षे दुकानात बसलो, पिनेचे पोट उघडून पाहणारे गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहतो. तीन अँपिअरचा फ्यूज शोधण्यात दुपार गेली. सातव्या दुकानात तो मिळाला. जावई म्हणाले, “मास्टरजी, मैं नैरोबी में पैदा हुआ, पर ये बाजार मुझे आपके मिस्त्री ने दिखाया.”

इकडे सभागृहात दुपारचे तीन वाजले होते. यजमानांच्या घरचे वडीलधारे लोक तालीम ऐकायला येऊन बसले होते. ते घड्याळाकडे पाहू लागले आणि शेवटी चहाला बाहेर गेले; एक सोडून आमचे वादकही त्यांच्यामागे गेले. शेटजी दोनदा आत येऊन ‘कितनी देर?’ विचारून गेले. आमच्यापैकी एकाचा धीर सुटला. त्याचे नाव मी टाळत नाही; योग्य जागी सांगेन. त्याने पेटीतून हिरव्या चिंधीची आपली गोल पिनांची वायर काढली, वरच्या भोकात पेन खुपसले आणि पिन दाबली. पिन बसली, पण सैल. की-बोर्डचा दिवा मिणमिणला, विझला, पुन्हा मिणमिणला. घनसावंगीत दिवा मिणमिणला, की त्याचा एकच अर्थ असे: वीज पडली. त्या माणसाच्या हाताला दहा वर्षांची सवय होती. हात अडॅप्टरच्या पोटाशी गेला आणि त्याने कळ एकशेदहावर सरकवली. वीज पडलेली नव्हती. पिन सैल होती. पुढच्याच क्षणी ती नीट टेकली आणि भरल्या अंगाची ती लाईट निम्म्या ताकदीच्या कळीत शिरली. एक कडक आवाज झाला. अडॅप्टरमधून धूर निघाला आणि सभागृहभर जळक्या लाखेचा वास पसरला. त्या वेळी निवेदक आतल्या खोलीत कुर्त्याला इस्त्री करीत होते. हे मात्र त्यांनी स्मरणिकेत लिहिलेले नाही.

धूर विरायच्या आतच मिस्त्री परतले, तेव्हा तपकिरी कागदात गुंडाळलेली नवी वायर त्यांच्या बगलेत होती. दारातच त्यांना वास आला. ते भिंतीकडे न पाहता सरळ आत आले. ही त्यांच्या आयुष्यातली बहुधा एकमेव वेळ असावी. त्यांनी अडॅप्टर उलटा केला, कळ पाहिली, मान वर करून एका माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिले. मग अंगठ्याने ती कळ हळूच दोनशेवीसवर ढकलली. तेवढ्यात शेटजी, यजमान आणि इस्त्रीचा कुर्ता घातलेले निवेदक धावत आले. शेटजी ओरडले, “किसने किया ये?” मिस्त्री म्हणाले, “वायर माझी चुकली शेटजी. म्या जाताना पेटीला कुलूप घालाया पायजे होतं.” निवेदकांनी जे ऐकले ते एवढेच. तेच त्यांनी पस्तीस वर्षे सांगितले आणि शेवटी छापले. माणूस जे बोलला ते त्यांनी बरोबर टिपले. तो का बोलला, हे विचारण्याचा त्रास त्यांनी घेतला नाही.

की-बोर्ड जळाला हेही खोटे आहे. मिस्त्रींनी तिथेच मांडी घालून तो उघडला. आतला एक नखाएवढा फ्यूज उडाला होता. तो त्यांनी बदलला आणि कान लावावा तसे वाकून म्हणाले, “जित्ता हाय. अडॅप्टर गेला. आता याला बारा व्होल्ट पायजे, बास.” मग ते यजमानांकडे वळले. “मोटार हाय का दारात?” कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजारात वीज नसे तेव्हा मिस्त्री ट्रॅक्टरच्या बॅटरीवर कर्णा चालवीत, त्यांच्या दृष्टीने यात नवल काहीच नव्हते. यजमानांना मात्र आपल्या नव्याकोऱ्या गाडीचे बॉनेट उघडून तिच्यातून गाणे काढायचे, ही कल्पना पचेना. शेटजी म्हणाले, “दे दो जी. जालन्याचा माणूस आहे, गाडी खाणार नाही.” गाडी खिडकीशी लावली. खिडकीतून दोन तारा आत आल्या. साडेतीन तास कार्यक्रम झाला आणि एक सूर हलला नाही. मध्यंतरात पाहुण्यांपैकी एकाने मिस्त्रींना विचारले, “काका, ये गाना गाडी से चलता है?” ते म्हणाले, “हाँ जी. पेट्रोल का गाना है, जल्दी सुन लो, टंकी खाली हो जाएगी.” ‘कलावंतांचे प्रसंगावधान’ ते हेच. आम्ही कलावंत तेव्हा घाम पुसत होतो.

आणि मिस्त्रींनी बाजारातून आणलेली, चुकीची म्हटली गेलेली ती नवी वायर? की-बोर्ड बॅटरीवर गेल्यामुळे ती रिकामी राहिली. मिस्त्रींनी ती इको मशीनला लावली. दोन्हीचे मागचे तोंड सारखेच होते. संध्याकाळभर इको मशीन तिच्यावर चालले, आणि त्यातून गुंजत बाहेर पडणारा आवाज होता आमच्या निवेदकांचा. ज्या वायरीला त्यांनी चुकीची म्हटले, तिच्यावरच त्यांनी त्या दिवशी टाळ्या मिळवल्या.

परत आल्यावर जे घडले, ते लिहिताना मला निवेदकांवर रागावता येत नाही. वाद्यवृंदाच्या व्यवस्थापकांनी दुसरा साउंडवाला आणला. मिस्त्रींना कोणी काढले नाही. बोलावले नाही इतकेच. जालन्यात त्यांना पाहून लोक गंमत म्हणून विचारीत, “काय मिस्त्री, आज कोणती वायर आणली?” ते हसून पेटी उचलीत आणि घनसावंगीची बस धरीत. पुढे ते पिंपळगावात दुकानातच बसू लागले. मी तिथे अधूनमधून जात असे. एकदा धीर करून मी त्यांना विचारले, “मिस्त्री, त्या दिवशी तुम्ही खरे का सांगितले नाही?” ते एका रेडिओचे पाठीमागचे झाकण उघडीत होते. मान वर न करता म्हणाले, “मास्तर, ज्यानं केलं त्याच्या बोटात सूर हायती. दोन तासानं त्याला वाजवायचं व्हतं. सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं असतं, तर बोटं कापली असती. माझ्या हातात काय, पक्कड. पक्कडीवर डाग पडला तर पुसता यतो.” मी म्हणालो, “पण तो पुसला कोणीच नाही.” त्यावर त्यांनी मला स्क्रू धरायला दिला आणि म्हणाले, “हे धरा. हरवू नका.”

दोन हजार सालानंतर थोड्याच वर्षांत ते गेले. शोकसभेत निवेदक बोलले, आणि ‘नैरोबीची ती एक चूक सोडली तर’ असे म्हणून त्यांनी मिस्त्रींची थोरवी गायिली. मी पहिल्या रांगेत होतो. मी उठलो नाही. मी इतरांच्या चुका दाखवण्यासाठी गावात प्रसिद्ध आहे. सभेत उभे राहून अध्यक्षांची तारीख सुधारण्याचा माझा लौकिक आहे. त्या दिवशी मात्र मी बसून राहिलो.

गेल्या महिन्यात मिस्त्रींची मुलगी मस्तगडला माझ्याकडे आली. दुकान आता तीच पाहते, मोबाइल आणि पंखे दुरुस्त करते. हातात स्मरणिका होती, पान दुमडलेले. खुर्चीवर न बसताच तिने विचारले, “मास्तरकाका, माझा पोरगा शाळंतून हे वाचून आलाय. आजोबानं की-बोर्ड जाळला व्हता का म्हनून विचारून राह्यला. म्या काय सांगू त्याला?” मी म्हणालो, “सांग, आजोबांनी जाळला नाही.” ती म्हणाली, “ते तर म्हाइतीच हाय मला. कुनी जाळला ते सांगा. नाव नसलं तर पोरगं मानत न्हाई.” मी तिला पाणी दिले आणि लिहून देतो म्हणालो. ती पाणी न पिताच गेली.

म्हणून लिहून देतो. निवेदकांनी हवे तर पुढच्या आवृत्तीत हे जसेच्या तसे छापावे. त्यावर वाद घालायला माझ्यासकट कोणालाही जागा नाही. नैरोबीच्या त्या भिंतीत पेन खुपसून पिन दाबणारा आणि अडॅप्टरची कळ एकशेदहावर सरकवणारा हात माझा होता.